हळदीचा हॉल आणि साखळीतली कुलपं

मधल्या निवडणुकीत आम्हाला मत नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. महापौराची मुदत अडीच वर्षांची असते. ती संपली की नगरसेवक आपापसात बसून दुसरा महापौर निवडतात, आणि आपण ज्यांना निवडून दिलं ते नेमके कोणाचे आहेत हे त्या दिवशी कळतं. निदान कळावं अशी अपेक्षा असते. आमच्या टेमघरात त्या दिवशी दुपारी आधी नाक्याच्या अलीकडे फटाके वाजले, मग थोड्या वेळाने नाक्याच्या पलीकडे. मी गॅलरीतून खाली विचारलं, "कोण निवडून आलं?"

पानवाला मान वर करून म्हणाला, "सर, दोन्ही."

पेढे दोन्हीकडून आले. एकाच पक्षाचे नगरसेवक फुटले होते. त्यांतल्या काहींनी व्हिप मोडला होता आणि काहींनी पाळला होता. पण व्हिप दोन निघाले होते, त्यामुळे मोडणारे कोण आणि पाळणारे कोण याचा निकाल लागायचा होता. राज्यात मात्र हे दोन्ही गट एकाच सरकारात शेजारी शेजारी बसलेले. म्हणजे वर मंत्रालयात एकत्र चहा, आणि खाली आमच्या गल्लीत एकमेकांच्या फलकावर काळं. मी आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेला तो विषय, परीक्षेच्या आधी दोन तासांत उरकायचा. त्या पुस्तकात महापौर हा 'शहराचा प्रथम नागरिक' असतो. त्याची निवड कशी होते त्यावर एक ओळ होती. ती ओळ मी पोरांकडून पाठ करून घेत असे. आता वाटतं, बरं झालं कोणी शंका विचारली नाही.

पण शेजाऱ्याचा समज असा की ज्याने नागरिकशास्त्र शिकवलं त्याला हे सगळं समजत असणार. म्हणून निवडणूक होऊन थोडे दिवस झाल्यावर एका सकाळी तो माझ्याकडे आला.

हा शेजारी मूळचा इथलाच. त्याच्या वडिलांच्या भाताच्या खाचरांवर आता एक लांबलचक गोदाम उभं आहे आणि त्याच गोदामात तो ड्युटी करतो. शांत माणूस. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्न वरपक्षाकडे, वाडा तालुक्यात होतं. पण हळद मुलीच्या दारात व्हायची, आणि इथल्या लोकांत हळद म्हणजे लग्नाहून मोठी. भाऊबंद, मटण, तांदळाच्या भाकऱ्या, धवले म्हणजे लग्नातली देवांची गाणी म्हणणारी म्हातारी, सगळं हळदीला. लग्नाला माणसं कमी आली तर चालतात. हळदीला एक घर आलं नाही तर पुढची दहा वर्षं त्याचीच चर्चा.

"सर, मना येक सांगा," तो खुर्चीच्या कडेवर बसत म्हणाला, "आता पावर कोणाकडं हाय?"

"कशाबद्दल?"

"हॉलबद्दल."

अडचण अशी होती. निवडणूक झाल्याझाल्या आमच्या गल्लीच्या काँक्रिटीकरणाचं भूमिपूजन झालं. दोनदा झालं. एकदा दादांच्या हस्ते, एकदा ताईंच्या हस्ते. दादा आणि ताई हे आमच्याच प्रभागातले नगरसेवक. एकाच पॅनेलमधून, एकाच फलकावर शेजारी शेजारी हात जोडून निवडून आलेले, आणि मधल्या निवडणुकीत एकमेकांपासून फुटलेले. दोघांनी दोन नारळ फोडले, मग ठेकेदाराने एकदाच गल्ली खोदली. आता शेजाऱ्याच्या दारात मांडव घालायला जमीनच उरली नव्हती. गुडघाभर खड्डा आणि त्यावर एक फळी, त्या फळीवरून आम्ही येत-जात होतो. उरला तो कोपऱ्यावरचा समाज हॉल. आणि हॉलच्या लोखंडी दाराला साखळी, साखळीत कुलपं.

मी जाऊन पाहिलं. एक जुनं पितळी कुलूप होतं. ते दादांचं, हे सगळ्यांना माहीत होतं. हॉल दादांच्या निधीतून झाला आणि पहिल्या दिवसापासून चावी त्यांच्याकडे. आमच्याकडे रीतच तशी. जो निवडून येतो तो हॉलला कुलूप लावतो, आणि मग ज्याला बारसं, साखरपुडा, दहावं करायचं असेल त्याने चावी मागायला जायचं. चावी कधी नाकारली जात नाही, मागायला मात्र लावली जाते. दुसरं नवं चकचकीत कुलूप ताईंचं, मधल्या निवडणुकीनंतर आलेलं. आणि तिसरं एक गंजकं, लहानसं. ते कोणाचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दादांची माणसं म्हणत ते ताईंचं, ताईंची माणसं म्हणत ते दादांचं.

"म्हणजे तिन्ही चाव्या लागणार," मी म्हणालो. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला शोभेल असं ते उत्तर होतं.

"दोन आणता येतील," शेजारी म्हणाला. "पण आणायच्या कशा? माझा सख्खा भाऊ दादांकडं. माझा थोरला चुलतभाऊ ताईंकडं. दादाकडं आधी गेलो तर चुलतभाऊ हलदीला येणार न्हाय. ताईकडं आधी गेलो तर सख्खा भाऊ येणार न्हाय."

तेवढ्यात त्यांच्या घरातून त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, चहा घेऊन आल्या. खड्ड्यावरच्या फळीवरून कप न सांडता त्या कशा आल्या, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांनी कप टेबलावर आपटला.

"आमच्यात हलद दळायला पहिला हात थोरल्या चुलत जावेचा लागतो," त्या मला म्हणाल्या. "ती नसंल तर मी काय ह्यांच्या पावरचा हात लावू? त्या दोघांच्या कुलपांत माझी पोर अडकलीय, आन् हे चा पितायत."

"चा तूच आणलास," शेजारी म्हणाला.

"प्या मग."

कोणाचीही बाजू न घेता मार्ग निघेल, असं मला वाटलं, आणि म्हणून आम्ही आधी प्रभाग कार्यालयात गेलो. तिथला कारकून सभ्य होता. त्याने बसायला खुर्ची दिली, पंखा लावला आणि सांगितलं, "सर, त्या दाराला आमचं कुलूपच नाही. जे कुलूप आम्ही लावलं नाही ते आम्ही काढणार कसं?" हे तर्काला धरून होतं. मी उठणार तेवढ्यात शेजारच्या बाकावरचा कुठलासा कार्यकर्ता आपणहून म्हणाला, "त्या हॉलवर 'जैसे थे' आहे."

"कोणी दिलं?"

"कोर्टाने असणार."

"कुठल्या?"

त्याने छताकडे पाहिलं. बाहेर येईपर्यंत आणखी दोघांनी तेच सांगितलं, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या टेमघरला माहीत झालं की हॉलवर 'जैसे थे' आहे. आदेश कोणी पाहिलेला नव्हता. मी स्वतः एका माणसाला तो समजावून सांगितला, हे मात्र खरं. 'जैसे थे' म्हणजे जे जसं होतं ते तसं. पण कधी होतं तसं? पहिलं कुलूप लागण्याआधीचं, की तिसरं लागल्यानंतरचं? त्या माणसाने हे विचारल्यावर मी घाईत आहे असं सांगून निघालो.

शेवटी ठरलं, दोघांकडेही जायचं आणि एकाच दिवशी जायचं, म्हणजे आधी-नंतरचा प्रश्न येणार नाही. तरी एकाकडे सकाळी जावं लागतंच. वहिनींनी सुचवलं, "जो लांब हाय त्याच्याकडं आधी जा. कोणी इचारलं तर सांगा, लांब होतं म्हणून."

लांब होते ते दादा. मतदान झालं, भूमिपूजनाचा नारळही फुटला, आणि मग त्यांच्या गटाला उचलून नेलं होतं. पुढे स्थायी समितीची निवड होती, आणि तोवर माणसं एका जागी ठेवणं बरं, असं वरून ठरलं होतं. गावात बोललं जाई की त्यांना गोव्याला नेलंय, कोणी म्हणे राजस्थानला. शेजाऱ्याच्या सख्ख्या भावाने हळूच सांगितलं, "अकलोलीला हायत." अकलोली म्हणजे वज्रेश्वरीच्या जवळ. लहानपणी खरूज झाली की आम्हाला तिथल्या गरम पाण्यात बुचकळून काढत. सत्तेसाठी माणसं किती दूर जातात याबद्दल माझ्या ज्या कल्पना होत्या, त्या जरा आखूड कराव्या लागल्या.

मोटरसायकलवरून अंबाडीमार्गे गेलो. विश्रामगृहाच्या फाटकात दोन तगडे पोरगे उभे होते. त्यांनी आम्हाला अडवलं, फोन केला आणि मग मागच्या बाजूच्या कुंडाकडे सोडलं. दादा कुंडात गळ्यापर्यंत बसले होते. डोक्यावर घडी केलेला पंचा. आजूबाजूला आणखी काही नगरसेवक, तसेच गळ्यापर्यंत. वाफेमुळे कोण कोणत्या प्रभागातला ते दिसत नव्हतं.

"या सर, उतरा," दादा म्हणाले. "गुडघे मोकळे होतात."

"नको, कपडे आणले नाहीत."

"आम्हीही कुठं आणले होते? एकदम गाडीत बसवलं."

शेजाऱ्याने काठावर उकिडवं बसून लग्नाचं सांगितलं. दादांना खरंच आनंद झाला. त्यांनी पाण्यातून हात काढून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं आणि त्याची पँट ओली केली.

"अरे, तुझी पोर म्हणजे माझी पोर. हॉल आपलाच आहे. माझी चावी घे, उघड, बास."

"पण दादा, दुसरी कुलपं?"

"त्यांना हातही लावू नको. माझं कुलूप काढलं की दार उघडतं."

मला हे समजलं नाही. मी विचारलं, "तीन कुलपं असताना एका चावीने कसं?"

"उघडतं, सर," दादा माझ्याकडे जरा कीव येऊन पाहत म्हणाले. "साखळी माझी आहे." मग शेजाऱ्याला, "फक्त एक फलक लाव. 'यांच्या सौजन्याने' म्हणून. आणि फोटो जुना नको हां. त्यात ती शेजारी उभी आहे."

मी न राहवून विचारलं, "दादा, तुम्ही नक्की कुठल्या बाजूला आहात?"

"मी? मी कुठं गेलोच नाही. मी होतो तिथेच आहे. पक्ष हलला." असं म्हणून ते पाण्यात थोडे आणखी खाली गेले.

ताईंना गाठलं संध्याकाळी, निजामपुऱ्यात. तिथल्या हितचिंतकांनी त्यांचा सत्कार ठेवला होता. सत्काराचा मोठा हार क्रेनला टांगून घालायचा बेत होता, पण क्रेन त्या गल्लीत शिरेना. यंत्रमागांची खडखड दोन्ही बाजूंनी चालू, मध्ये रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे वाहणारी माणसं. शेवटी तो हार क्रेनवरून सोडवून आठ-दहा जणांनी आडवा धरून खांद्यावरून आणला. लांबून येताना पाहून एका म्हाताऱ्या गृहस्थाने बाजूला होऊन हात जोडले आणि शेजारच्याला विचारलं, "कौन गया?"

हार ताईंच्या गळ्यात मावला नाही. तो त्यांच्याभोवती जमिनीवर वेटोळं घालून ठेवला आणि त्या मधोमध उभ्या राहून बोलल्या. शहराच्या विकासाबद्दल बोलल्या. माग चालू असल्यामुळे फक्त 'विकास' एवढाच शब्द अधूनमधून ऐकू येत होता, पण टाळ्या योग्य ठिकाणी पडल्या. भाषण संपल्यावर त्यांनी शेजाऱ्याला लांबूनच ओळखलं. हार ओलांडून आल्या.

"भाऊ, तुझ्या पोरीचं मला कळलंय. मी वाटच बघत होते, माझ्याकडे येतो की त्यांच्याकडे जातो."

शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी हाराकडे पाहिलं.

"तुमच्याकडंच आलो ना, ताई," तो म्हणाला. त्याची पँट गुडघ्याजवळ अजून पुरती वाळली नव्हती.

"मग झालं. हॉलची चावी ही घे आत्ता. माझं कुलूप काढलं की उघडतं. त्यांच्या कुलपाकडे बघायचंसुद्धा नाही. आणि दारात स्वागताला मी उभी राहीन. पोरीची ओटी मी भरणार."

"तुमच्या एका चावीने उघडतं?" मी पुन्हा विचारलं.

"सर, तुम्हीच आमच्या पोरांना शिकवलंत ना?" ताई हसल्या. "बहुमत माझ्याकडे आहे."

"पण तुम्ही गेलात कोणाकडे, ताई?"

"मी कुठे गेले? मी आहे तिथेच आहे. बाकीचे सरकले."

परतताना शेजारी गाडी हळू चालवत होता. दोन्ही चाव्या त्याच्या खिशात होत्या, कारण फाटकातून निघताना दादांच्या माणसानेही एक आणून दिली होती. दोघंही म्हणत होते की आपल्या एकाच कुलपाने दार उघडतं, आणि दोघंही म्हणत होते की आपण जागचे हललो नाही. मी शिकवलेल्या कोणत्याही पुस्तकात हे दोन्ही एका वेळी खरं असू शकत नव्हतं.

"सर, कोणाच्या चावीनं उघडू?" शेजाऱ्याने विचारलं. मी म्हणालो, रस्ता बघून चालव.

पुढचे काही दिवस तो हॉलसमोर जायचा, चाव्या खिशात चाचपायचा आणि परत यायचा. पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि त्यांवर हळदीच्या जागेपुढे नुसतं 'टेमघर' लिहिलं होतं. सख्खा भाऊ येऊन विचारून गेला, "दादांचा फलक कुठं लावायचा?" चुलतभाऊ आला नाही, त्याने निरोप पाठवला. ताई दारात उभ्या राहणार असतील तरच त्याची बायको जात्याला हात लावील. मुलगी कामावर जाऊन येत होती. एकदा फळीवरून जाताना ती मला म्हणाली, "काका, कोर्टात रजिस्टर करून टाकू का?" मी म्हटलं, आईला विचार. ती म्हणाली, "आईला विचारलं. तिने लाटणं घेतलं."

आणि मग एका सकाळी वहिनींनी मला खिडकीतून हाक मारली. "सर! अवो सर! हिकडं या लवकर!"

हॉलचं दार सताड उघडं होतं. दोन मजूर आतून सिमेंटच्या गोण्या पाठीवर घेऊन बाहेर येत होते आणि दारात ठेकेदाराचा मुकादम बिडी ओढत उभा होता. आत, भिंतीपासून भिंतीपर्यंत, गोण्याच गोण्या. आमच्या गल्लीच्या रस्त्याचं सिमेंट.

शेजारी अवाक होऊन पाहत होता. "तू उघडलंस कसं?"

"चाबी से," मुकादम म्हणाला. त्याने ती लहानशी, गंजक्या कुलपाची चावी दाखवली. "रोज खोलता हूँ. सुबह निकालते हैं, फिर बंद."

"पण दुसरी कुलपं?"

मुकादमाने साखळी हातात धरून दाखवली. एकच साखळी होती. दादांच्या कुलपाने तिची दोन टोकं जोडलेली. ताईंच्या माणसांना दादांची चावी मिळेना, तेव्हा त्यांनी मधली एक कडी कापली आणि तिथे आपलं कुलूप घातलं. मुकादमाने दुसरीकडची कडी कापून आपलं. तिन्हींपैकी कुठलंही एक काढलं की साखळी सुटते. कुलपं जितकी जास्त, तितके दार उघडू शकणारे जास्त. आम्ही सगळे बाहेरून तीन कुलपं पाहून दार तिप्पट बंद आहे असं समजत होतो.

"आन् तुला 'जैसे थे' नडलं न्हाय?" शेजाऱ्याने विचारलं.

"वो क्या होता है?"

"किसको पूछ के रखा माल?" मी विचारलं.

"किसी को नहीं. बारिश से भीग जाता, रख दिया."

वहिनी एवढा वेळ साखळीकडे पाहत होत्या. त्या पुढे झाल्या. "ही चावी कोणाच्या पार्टीची न्हाय ना?"

"हमारी तो ठेकेदार की है."

"मंग ह्याच चावीनं उघडायचं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग मुकादमाला, "भैया, शनिवार को हमारे छोकरी की हल्दी है. इसमें. तुम लोग भी आना. मटन है."

मुकादमाने बिडी विझवली. गोण्या एका बाजूला रचायचं त्याने लगेच मान्य केलं. सगळ्या हलवणं शक्य नव्हतं. ज्या राहतील त्यांवर ताडपत्री टाकू, बसायला होतील, म्हणाला.

शनिवारी संध्याकाळी हॉल असा दिसत होता: मध्ये पाट, पाटाभोवती तांदळाची रांगोळी, वर झेंडूची तोरणं, आणि तिन्ही भिंतींना लागून निळ्या ताडपत्रीखाली सिमेंटच्या गोण्यांच्या दोन-दोन थरांच्या बैठका. फलक एकही नव्हता. शेजाऱ्याने भावाला सांगितलं होतं की छापून आला नाही, आणि चुलतभावालाही तेच. धवले म्हणणारी म्हातारी पाटाशेजारी बसून देवांना एकेकाला नावानिशी बोलवत होती. सख्ख्या भावाकडची माणसं डाव्या भिंतीला बसली. चुलतभावाकडची उजव्या भिंतीला, पण जाऊबाई अजून जात्याजवळ गेल्या नव्हत्या. नवऱ्याच्या इशाऱ्याची वाट पाहत होत्या. हळद तशीच सुपात होती.

दादा आले. अकलोलीहून त्यांना संध्याकाळपुरतं सोडलं होतं, बरोबर फाटकातला एक तगडा पोरगा होता. त्यांचा चेहरा उजळ आणि मऊ दिसत होता. त्यांच्या पाठोपाठ ताई आल्या, हातात ओटीचं ताट. दोघंही एकाच वेळी दाराशी पोहोचले आणि दोघांनाही आपण स्वागताला उभं राहावं की आपलं स्वागत व्हावं ते कळेना. म्हातारीने एका देवाचं नाव अर्धवट सोडलं.

"छान केलंस," दादा आत येत मोठ्याने म्हणाले. "माझी चावी वापरलीस ना?"

"त्यांची कशाला?" ताई म्हणाल्या. "चावी मी दिली होती. विचारा त्यालाच."

डावी भिंत शेजाऱ्याकडे पाहू लागली. उजवी भिंतही. जाऊबाई पदर सावरून थांबल्या. शेजाऱ्याने खिशातल्या खिशात दोन्ही चाव्या मुठीत धरल्या. मी त्याला काही तरी सुचवायला पाहिजे होतं, असं सगळ्यांच्या नजरा मला सांगत होत्या. माझ्याकडे 'प्रथम नागरिक' एवढंच होतं.

"कोणाचीच न्हाय," वहिनी मागून म्हणाल्या. "ठेकेदाराच्या चावीनं उघडलं. त्याचं सामान हाय ना इथं."

दादांनी तेव्हा पहिल्यांदा ताडपत्रीकडे नीट पाहिलं. ताईंनीही. क्षणभर मला वाटलं, आता ठेकेदाराची गय नाही. हॉलमध्ये सिमेंट, तेही न विचारता. मग दोघांच्या चेहऱ्यांवर एकदमच काही तरी सरकलं. रस्ता दोघांचा होता. नारळ दोघांनी फोडला होता.

"म्हणजे माझाच माणूस," दादा म्हणाले. "मीच सांगितलं होतं त्याला, माल भिजू देऊ नको, हॉलमध्ये ठेव."

"तुम्ही कधी सांगितलंत? परवानगी मी दिली," ताई म्हणाल्या. "काम माझ्या पाठपुराव्याने आलंय."

"मग दोघांनी दिली असेल," मी म्हणालो. त्या संध्याकाळी मी बोललेलं हे एकच वाक्य, आणि मला अजूनही वाटतं की ते आपोआप बाहेर पडलं.

दादांनी ताईंकडे पाहिलं, ताईंनी दादांकडे. नाही म्हणायचं तर रस्ता समोरच्याला द्यावा लागला असता. "असेल," दादा म्हणाले. "समन्वय असतो," ताई म्हणाल्या.

कोपऱ्यात गोणीवर आधीच जेवायला बसवलेला मुकादम हे सगळं लक्ष देऊन ऐकत होता. सरळ माणूस होता. तो उठून उभा राहिला. "नहीं साहब, मैंने तो किसी को भी..."

"खा रे भैया, खा," असं म्हणत वहिनींनी त्याच्या पानात मटणाचा एवढा मोठा तुकडा टाकला की त्याला बसावंच लागलं.

चुलतभावाने बायकोला मानेने खूण केली. म्हणजे त्याला नक्की काय समजलं होतं ते मला माहीत नाही. कोण जिंकलं, कोणाच्या कृपेने दार उघडलं, ताई दारात उभ्या राहिल्या असं धरायचं की नाही, हे त्यालाही सांगता आलं नसतं. पण जाऊबाई उठल्या, जात्यापाशी बसल्या आणि त्यांनी खुंट्याला हात घातला. म्हातारीने अर्धा सोडलेला देव पुन्हा पहिल्यापासून बोलावला. मुलगी पाटावर बसली. ताईंनी ओटी भरली, आणि दादांनी नारळ मागवून तोही त्याच ओटीत टाकला.

नंतर बाकीच्यांची जेवणं सुरू झाली. चुलतभाऊ हात धुऊन आला तोवर उजवीकडची बैठक भरून गेली होती. तो थोडा वेळ पत्रावळ घेऊन उभा राहिला. मग डावीकडे सख्ख्या भावाच्या शेजारी एक गोणी रिकामी होती, तिथे बसला. महापौर निवडल्यापासून ते दोघं बोलले नव्हते. आताही समोर बघत जेवत होते. चुलतभावाच्या पानातली भाकरी संपली, वाढणारी अजून लांब होती. सख्ख्या भावाने आपल्या भाकरीतली अर्धी मोडली आणि त्याच्याकडे न बघता त्याच्या पानात ठेवली.